अप्पांच्या मुलाखतीतला हुंकार

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, संकेत, "कुणीतरी मागे उभं आहे असं वाटलं" वगैरे गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला... रागावू नका. माझं कामच तसं आहे. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्याकडे कुणी येऊन म्हणालं की "काल एकदा असं झालं होतं", तर आम्ही म्हणतो, "परत करून दाखव." नाही दाखवता आलं तर विषय बंद. त्या न्यायाने मी आता जे सांगणार आहे तो विषयही बंद व्हायला हवा होता. पण तिथे मी एकटी नव्हते. आई होती, अप्पा होते, आणि ते आम्ही तिघांनी ऐकलं.

थोडं घराबद्दल. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की कन्नड, आणि आता आतही निम्मं कन्नडच. पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून आधी गालातल्या गालात हसतात आणि मग "किती गोड" म्हणतात. चिकपेटच्या एका बोळात आमचं साड्यांचं होलसेल दुकान आहे. उभं आयुष्य अप्पांनी ते सांभाळलं, आता धाकटा भाऊ गिरीश बघतो. आई-अप्पा तिथून जवळच, चामराजपेटच्या एका फ्लॅटमध्ये राहतात. मी सुट्टीच्या दिवशी मेट्रोने जाऊन येते.

दीडेक वर्षापूर्वी अप्पांना स्ट्रोक झाला. त्यातून सावरले. उजवा हात जरा अधू राहिला, पण काठी घेऊन चालतात, पेपर वाचतात, सगळं समजतं. फक्त शब्द उशिरा येतात. आत तयार असतात, पण बाहेर पडताना अडतात. थेरपीच्या मॅडमनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, "त्यांना शब्द पुरवू नका. वाट बघा. तुम्ही पुरवत राहिलात तर ते बोलणंच सोडून देतील, आणि मग परत आणणं फार कठीण." आई, गिरीश आणि मी, तिघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "मला... जरा..." आणि तिघेही एका सुरात ओरडलो, "पाणी?"

काय करणार, आमचं घरच उतावळं आहे. आणि आई तर अप्पांची वाक्यं स्ट्रोकच्या कितीतरी आधीपासून पुरी करत आली आहे. तिला त्याचा अभिमान आहे. "त्यांच्या मनात काय ते मला आधी कळतं," असं ती त्यांच्यासमोरच सांगते, आणि अप्पा मान हलवतात.

तर त्या थंडीत अप्पांनी एक वाक्य धरलं होतं. त्याचा पहिला शब्द तेवढा आम्हाला माहीत होता — "हिला..." आईकडे बघत म्हणायचे आणि थांबायचे. की लगेच आमची प्रश्नमंजूषा सुरू.

"मला काय? गुडघा? नाही हो दुखत आता."

"आईला डॉक्टरकडे न्यायचं का अप्पा?" हा गिरीश.

"तिला कामाला बाई बघू का?" ही मी.

अप्पा एकेकाकडे बघायचे, मग डावा हात हलवायचे. "सरी... बिडू." राहू दे, सोडा.

असं कितीदा झालं असेल कोण जाणे. पुढे पुढे ते "हिला"ही म्हणेनासे झाले. दिवसच्या दिवस "हो", "नको" आणि "सरी" एवढ्यावर जायला लागले. ज्या माणसाने एका बैठकीत अख्ख्या लग्नाच्या साड्या विकल्या, तो माणूस खिडकीत बसून नुसता रस्ता बघायचा. परतताना मेट्रोत मला फार वाईट वाटायचं. मॅडमनी सांगितलेलं डोळ्यांसमोर घडत होतं आणि आमची तोंडं काही बंद होत नव्हती.

आता मेघना. ही माझी जुनी सहकारी, पुण्याची. सध्या एका रिसर्च कंपनीत आहे. जुने व्यापारी माल कसा निवडायचे, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचे, असा काहीसा त्यांचा अभ्यास चालू होता. गंमत म्हणजे मुलाखती माणसं घेत नव्हती. एआय फोन करतो, प्रश्न विचारतो, तुमचं उत्तर ऐकतो आणि त्यावरून पुढचा प्रश्न काढतो. मराठीत बोलणारे बेंगळुरूचे व्यापारी तिला मिळेनात, म्हणून मी गिरीशला गळ घातली. तो "हूं, करतो" म्हणाला आणि सवयीने दुकानाचा नंबर देऊन मोकळा झाला.

आता आमच्या दुकानाचा नंबर म्हणजे अप्पांचा मोबाइल. पाटीवर तोच, पिशव्यांवर तोच, सुरतच्या व्यापाऱ्यांकडे तोच. अप्पा घरी बसले तरी तो नंबर बदलावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. अजून ऑर्डरचे फोन घरी येतात, आई ते घेते आणि गिरीशला कळवते. कुणी त्याबद्दल काही बोललं तर म्हणते, "नंबर त्यांचा आहे, दुकान त्यांचं आहे."

शनिवारची सकाळ होती. आई अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. थंडीत आमच्याकडे सगळ्या घरांत हेच चालतं. मी मदतीच्या नावाखाली चहा पीत होते. अप्पा खिडकीपाशी. फोन वाजला, आईने हिरव्या बोटांनीच घेतला आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. मी एक एआय मुलाखतकार बोलते आहे. हा संवाद संशोधनासाठी रेकॉर्ड होईल. आपली परवानगी आहे का?" तरुण बाईचा आवाज, अगदी नीटनेटका.

"माल कुठला पाहिजे अम्मा?" आईने विचारलं.

"मला माल नको आहे. मला आपले अनुभव ऐकायचे आहेत."

आईने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "माल नको म्हणते, नुसतं ऐकायचं म्हणते. असलं कोण असतं गं?"

मला हसू आवरेना. हे मशीन आहे, गिरीशसाठी आलाय फोन, असं सांगून मी तो बंद करायला पुढे झाले. तर खिडकीपाशी अप्पांनी डावा हात वर केला.

"मी... बोलतो."

कित्येक दिवसांत अप्पांनी आपणहून काही मागितलं नव्हतं. मी फोन त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्यांनी परवानगीचा "हो" दिला. आईने, पाहुण्याला विचारावं तसं, विचारून घेतलं, "जेवण झालं काय तुमचं?"

"मी जेवत नाही, पण विचारल्याबद्दल आभारी आहे."

"शनिवार धरत असेल," आई मला म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

सुरुवात वाईटच झाली. "आपण या व्यवसायात कधी आलात?" अप्पा म्हणाले, "शाळा... सुटल्यावर..." आणि पुढचा शब्द यायच्या आत मशीन म्हणालं, "धन्यवाद. आता मला सांगा..."

"अगो, थांब की स्वल्प!" आई कडाडली. "बोलतायत ते!"

"माफ करा. आपण सावकाश बोला, मी थांबते."

म्हणालं खरं, पण दुसऱ्या प्रश्नालाही तेच. अप्पा श्वास घ्यायला थांबले की हे लगेच पुढे. म्हणजे आमच्यासारखंच! मला राग यायला लागला. वाटलं, घरच्यांनी तोडलं ते थोडं होतं म्हणून आता हे मशीन आणलं. अप्पांचा चेहरा उतरत चालला होता. आता बंद करू या, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात तिसरा प्रश्न आला.

"आपल्या स्वतःच्या घरच्यांसाठी साड्या कशा निवडल्या जायच्या?"

अप्पांनी आईकडे बघितलं.

"हिला..."

मी तोंड उघडलं होतं. आईनेही उघडलं होतं. आणि फोनमधून आवाज आला — "हूं."

मंडळी, तो मघाचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, शांत, जवळच मांडी घालून बसलेल्या माणसाचा असावा तसा. बाईचा की पुरुषाचा, मला सांगता येणार नाही. लहानपणी अप्पा आम्हाला गोष्टी सांगायचे तेव्हा त्यांची एकच अट असायची, हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. हा तसला होता. पुढे सांग, मी ऐकतोय, घाई नाही... असं सगळं त्यात होतं.

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. अप्पांनी फोनकडे बघितलं आणि खुर्चीत थोडे सावरून बसले.

"हिला... कधी... दुकानात..."

"हूं."

"...गिऱ्हाईक म्हणून... बसवलं नाही."

इथे थांबून सांगायला हवं. कापडवाल्याच्या घरात चांगला माल येत नाही. चांगला माल विकायचा असतो. घरी येतो तो डॅमेज पीस. कुठे काठाचा धागा तुटलेला, कुठे रंग फुटलेला, कुठे डाग. घरच्या बायका दुकानात जाऊन गादीसमोर बसून साड्या बघत नाहीत, तसली पद्धतच नाही. पिशवी घरी येते, त्यातली नेसायची. आमच्या आईचा त्यात हातखंडा होता. दोष कुठे आहे ते एकदा बघायची आणि साडी अशी नेसायची की तो बरोबर निऱ्यांच्या आत जायचा. माझ्या लग्नात ती नेसली ती साडीसुद्धा तसलीच होती. सगळ्या बायका तिच्या साडीचं कौतुक करत होत्या आणि ती मजेत ऐकत होती.

"डाग..." अप्पा म्हणाले. बराच वेळ गेला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. फोनमधून मधेच एकदा "हूं" आलं, अगदी हळू. "डाग... ती... निऱ्यांत लपवायची."

"अहो, मी कधी तक्रार केली का? मला काय —"

"हूं," फोन म्हणाला.

आणि आई गप्प झाली. मी जन्मल्यापासून आईला असं अर्ध्या वाक्यात गप्प करणारं कुणी बघितलं नव्हतं.

"कुणाला... दिसायचा नाही," अप्पा म्हणाले. "मला... दिसायचा."

मला रडू आलं. आईने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही, हातातली शेंग खाली ठेवली आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. अप्पांचा अजून शेवट व्हायचा होता. ते घामाघूम झाले होते, पण त्यांना आता कुणी थांबवू शकलं नसतं.

"तिला... बसव. गादीसमोर. गिरीशला... सांग. मी... दाखवतो... साड्या."

मग तो सुरुवातीचा नीटनेटका आवाज परत आला, मधे काही झालंच नाही अशा थाटात. "धन्यवाद. मला असं समजलं की, आपल्या पत्नीला दुकानात ग्राहक म्हणून बसवून आपण स्वतः त्यांना साड्या दाखवाव्यात, अशी आपली इच्छा आहे. हे बरोबर आहे का?"

"बरोबर!" अप्पा एका दमात म्हणाले.

फोन संपल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? "तुम्ही ऐकलंत ना, ते 'हूं'?" आई म्हणाली, "बहिरी आहे होय मी?" ओळखीचा होता का आवाज, तर नाही म्हणाली. अप्पांना विचारलं तर ते डोळे मिटून खुर्चीत रेलले होते. दमले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

आता माझ्यातली टेस्टर जागी झाली. सोमवारी मेघनाला गाठलं. अप्पांची परवानगी घेऊन तिने मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात सगळं होतं. आईचं "थांब की स्वल्प" होतं, भाजीवाला होता, आईच्या बांगड्या होत्या, अप्पांचा एकेक शब्द होता. पण जिथे जिथे आम्ही "हूं" ऐकलं, तिथे काही नव्हतं. नुसती शांतता. "मला काय —" म्हणून आई थांबते तिथेही शांतताच. ती का थांबली ते रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

मेघना म्हणाली, "अगं, असं मधे मधे 'हूं' म्हणायची सोयच नाही त्यात. आणि इतका वेळ कुणी बोललं नाही तर तो पुढचा प्रश्न विचारतो. तो इतका थांबला कसा, हेच आमच्या लोकांना कळत नाहीये." मग त्यांच्या इंजिनियरने तर्क लढवला की बांगड्या आणि शेंगांच्या आवाजामुळे मशीनला वाटलं असेल, माणूस अजून बोलतोय. सरी, मानलं. थांबण्याचं कारण मिळालं. हुंकाराचं काय? मी विचारलं, आणखी कुणी असं काही सांगितलं का? ती म्हणाली, लोक येऊन खूप काय काय सांगतात. कुणी म्हणतं, कंटाळवाणं होतं. कुणी म्हणतं, बायकोला बोललो नाही ते याला बोलून बसलो. पण "हूं" कुणी नाही ऐकलं.

मी तेवढ्यावर थांबणारी नाही. मेघनाच्या मागे लागून स्वतःची मुलाखत लावून घेतली. प्रश्नाला अर्धं उत्तर देऊन गप्प बसले. लगेच पुढचा प्रश्न. परत लावली, या वेळी चामराजपेटच्याच घरातून, त्याच स्टुलावर फोन ठेवून, आईला बांगड्या वाजवत शेंगा सोलायला बसवलं. आई म्हणाली, "हे बघून शेजारचे आपल्याला कुठे नेऊन घालतील माहीत आहे ना?" मी अर्ध्यात थांबले. मशीन थोडं थांबलं आणि अदबीने म्हणालं, "आपण अजून लाइनवर आहात का?" आहे बाई, लाइनवरच आहे.

गिरीशचं मत, आम्हाला तिघांना भास झाला. तिघांना एकच भास, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा? अप्पांना मी नंतर एकदा विचारलंच, "अप्पा, कोण होतं हो ते?" ते म्हणाले, "ऐकत... होतं... ना?" मग त्यांनी पेपर उघडला. थेरपीच्या मॅडम परवा म्हणाल्या, ते पुष्कळ बोलायला लागलेत, घरात काय बदललं? काय सांगणार त्यांना?

तर ही माझ्या अनुभवाची गोष्ट. ज्याला कारण सापडेल त्याने मला जरूर सांगावं, मी भांडणार नाही. पण त्यानंतरचा रविवार सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही.

रविवारी बाजार बंद असतो म्हणून गिरीशने खास आईसाठी दुकान उघडलं. आई आधी यायलाच तयार नव्हती. "आपल्याच दुकानात आपण बसायचं? अय्यो, लोक काय म्हणतील?" मग तयार झाली, तर सगळ्यांच्या आधी चपला घालून उभी. गिरीशने गादीवर नवी पांढरी चादर घातली होती. आईला समोर बसवलं. अप्पांना मांडी घालता येत नाही, त्यांना गादीवर स्टूल दिलं. त्यांनी काठीने वरच्या फळीकडे बोट करावं तसं दाखवलं, गिरीशने गठ्ठा काढला.

अप्पांनी पहिली साडी डाव्या हाताने झटकली. ती उलगडली, पण निम्मीच. गिरीश मदतीला पुढे झाला, मी त्याला चिमटा काढला. अप्पांनी परत झटकली. गर्द जांभळी, हिरव्या काठाची साडी आईच्या गुडघ्यांपर्यंत येऊन पसरली.

"हा... रंग..."

कुणी हललं नाही. बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचा खडखडाट सगळा बोळ संपेपर्यंत ऐकू आला.

"हा रंग... तुला..."

आईचे ओठ हलले. शब्द तिच्या जिभेवर आला होता, मला स्पष्ट दिसत होतं. तिने तो गिळला.

"...शोभेल."

आईने साडी हातात घेतली. काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपला. पदर उलटा करून बघितला. उजेडात धरून बघितली. इतकी वर्षं साडी हातात आली की ती आधी दोष शोधायची, तसाच शोधला. नव्हता. मग तिने ती घडी करून बाजूला ठेवली, ताठ बसली आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली,

"दुसरी दाखवा."